बाप्तिस्म्याआधीचे पाणी

10 फेब्रुवारी 1895 ला कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो घेतला 1900 साली. मधल्या पाच वर्षांकडे मी पुन्हा पुन्हा वळते. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या बऱ्याच जणांच्या लक्षात टिळकांच्या लहरी स्वभावाचे किस्से राहतात. माझ्या मनातून मात्र त्या बाईंची वेगळी चूल आणि वेगळे पाणी जात नाही.

आज आपण समजतो की बाप्तिस्म्याआधीची घालमेल श्रद्धेची असते: येशू देव की माणूस, त्रैक्य खरे की खोटे. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी घरात ती बहुधा स्वयंपाकघरात सुरू होई. लोक ‘धर्म बदलला’ म्हणत नसत, ‘बाटला’ म्हणत, आणि माणूस बाटे तो अन्नपाण्याने. 1843 साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याने बाप्तिस्मा घेतलाही नव्हता. मिशनरींच्या घरी राहून तिथले अन्नपाणी घेतले, एवढ्यावरच तो जातीबाहेर गेला. कोर्टाने त्याला बापाच्या स्वाधीन केले, पण जात त्याला घेईना. त्याच्या शुद्धीसाठी झटणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनाही सनातन्यांचा रोष सोसावा लागला. संस्कार झालाच नव्हता, तरी एवढे रण माजले.

पंडिता रमाबाईंचे उलट झाले. 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. मनातले प्रश्न मात्र त्या पाण्याने धुऊन गेले नाहीत. त्रैक्यावर, चर्चच्या अधिकारावर त्या तिथल्या सिस्टरांशी पत्रांतून वाद घालत राहिल्या, आणि आपला शाकाहारही त्यांनी सोडला नाही. पुढे त्यांनी स्वतःच लिहिले की ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त भेटायला आणखी आठेक वर्षे गेली. त्यांच्या बाबतीत संस्कार आधी झाला आणि मन सावकाश मागून आले. याबद्दल त्यांना बोल लावणारे तेव्हाही होते. मला तो त्यांचा प्रामाणिकपणा वाटतो.

लक्ष्मीबाईंकडे वाद घालायला पांडित्य नव्हते. त्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या घरातल्या. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आलेली जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नसे. त्या घरातली मुलगी पुढे टिळकांची बायको झाली. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने टिळकांना नवा करार दिला. त्यानंतर बाप्तिस्म्यापर्यंत टिळकांना जवळजवळ दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांतली त्यांची तगमग पुस्तकांशी आणि पत्रांशी चालली होती. बायकोला त्यातले फारसे कळू दिले नव्हते. बातमी आली तेव्हा तिच्यावर आकाशच कोसळले.

मग लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई पंढरपुरात राहिल्या. टिळकांची पत्रे येत, कविता येत. पुढे नवऱ्याच्या ओढीने त्या नगरला गेल्या, पण आपले सोवळे बरोबर घेऊन. मिशनच्या माणसांत राहायचे, चूल वेगळी, पाणी वेगळे. नवरा समोर आणि त्याच्या हातचे पाणी चालत नाही, हे दुःख कोणत्या धर्मशास्त्रात बसवायचे? याबाबतीत टिळकांना मात्र मी मनापासून मानते. एरवी रागीट आणि उतावळा असलेला हा माणूस इथे थांबला. बायकोला ओढून पाण्यात उतरवले नाही.

गाठ सुटली ती प्रवचनाने नव्हे. एकदा त्यांच्या मनात आले, जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर जनावरांत दिसतो तसा माणसांच्या देहात काही फरक दिसला असता. जन्मही सारखा, मरणही सारखे. मग भेद कुठला? एवढ्या विचारावर त्यांनी ठरवले की यापुढे कोणाच्याही हातचे खायचे. आपण ख्रिस्ती झालो असे त्यांनी तेव्हा मानलेही नव्हते. फक्त विटाळ संपला होता. हाच क्षण मला 1900 च्या बाप्तिस्म्याहून मोठा वाटतो, कारण पुढचे सगळे इथून सोपे झाले. रमाबाईंनी शास्त्राची शिडी चढत जे शोधले, त्याचा उंबरठा लक्ष्मीबाईंनी स्वयंपाकघरातून ओलांडला.

आजही घराघरात कुणीतरी असे अडखळलेले असते. कुणी आईच्या डोळ्यांतल्या पाण्यापुढे, कुणी कुळाचाराच्या देव्हाऱ्यापुढे, तर कुणी बाप्तिस्म्यानंतर लग्नकार्यात कुठे बसायचे या साध्या प्रश्नापुढे. अशा माणसाला ‘विश्वास कमी पडतो’ असे म्हणण्याआधी ती पाच वर्षे कुणीतरी वाचून दाखवावीत.

टिळक 9 मे 1919 ला गेले. त्यांनी हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ थोड्याच अध्यायांवर थांबले होते. पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले आणि ते काव्य पुरे केले.