सैल केलेली खुंटी

जॉर्ज विन्स्टन या अमेरिकन पियानोवादकाच्या कार्यक्रमाला येणाऱ्या रसिकांना एक विनंती आधीच केलेली असे : येताना डबाबंद अन्नाचा एखादा डबा सोबत आणावा. सभागृहाच्या दाराशी जमलेले हे डबे त्या गावातील गरजूंना शिधा पुरवणाऱ्या संस्थेकडे जात. पहिला सूर उमटण्यापूर्वीच त्या संध्याकाळच्या जमाखर्चात दानाची एक नोंद झालेली असे.

रंगमंचावर सजावट नसे. एक मोठा पियानो आणि गिटार, असा मोजका सरंजाम. गायक नाही, साथीदार नाही. साधा सदरा घातलेले विन्स्टन बूट न घालता नुसत्या मोज्यांनिशी येत. पायाने ठेका धरण्याची त्यांची सवय जोरकस होती. बुटांचा आवाज सुरांत मिसळू नये, हा त्यामागील हेतू.

विन्स्टन यांचे बालपण मुख्यतः मोंटाना राज्यात गेले. विस्तीर्ण माळरान, दीर्घ हिवाळा आणि बर्फाखाली निःशब्द झालेली भूमी यांचा ठसा त्यांच्या वादनावर कायम राहिला. त्यांच्या कार्यक्रमांची आखणीही ऋतूंप्रमाणे असे. उन्हाळ्याचा कार्यक्रम वेगळा, हिवाळ्याचा वेगळा. पियानोची पट्टी दाबली की आतील हातोडी तारेवर आघात करते. विन्स्टन कधी एक हात पियानोच्या आत घालून तार दाबून धरत आणि दुसऱ्या हाताने पट्ट्या वाजवत. मग घुमणारा नाद कोरडा, छेडलेल्या तारेसारखा होई. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘डिसेंबर’ या ध्वनिमुद्रिकेच्या एकट्या अमेरिकेत ३० लाखांहून अधिक प्रती खपल्या.

कार्यक्रमात मध्येच ते पियानो सोडून गिटार हाती घेत. ही गिटार नेहमीच्या पद्धतीने जुळवलेली नसे. तिचे वादन हवाई बेटांच्या रीतीचे. तेथील भाषेत या रीतीचे नाव ‘की होआलू’, म्हणजे ‘खुंटी सैल करा’. आपल्याकडे रागानुसार तानपुऱ्याची पहिली तार पंचमात किंवा मध्यमात लावतात. हवाईचे वादक गिटारच्या काही तारा अशाच उतरवून घेतात. मग पडद्यांवर बोट न ठेवताही सहा मोकळ्या तारा मिळून एक सुरेल स्वरसंघ देतात. अंगठा खर्जाच्या तारांवर संथ ठेका धरतो आणि उरलेली बोटे वरच्या तारांवर धून गुंफतात. ऐकणाऱ्याला दोन वादक असल्याचा भास होतो.

या रीतीचा उगम व्यवहारातूनच झाला. १८३० च्या दशकात हवाईमध्ये गुरांचे कळप आवरेनासे झाले, तेव्हा राजा तिसरा कामेहामेहा याच्या काळात मेक्सिकोच्या बाजूने अनुभवी गुराखी तेथे आले. त्यांच्यासोबत गिटारही आली. स्थानिकांनी वाद्य स्वीकारले, परंतु जुळणी आपल्या गाण्याला साजेशी नव्याने घडवली.

पुढे ही जुळणीच घराण्याची ठेव झाली. प्रत्येक कुटुंबाची जुळणी निराळी आणि ती बाहेर जाऊ नये याविषयी सारे दक्ष. गिटार खाली ठेवण्यापूर्वी तारा मुद्दाम बिघडवून ठेवणारे वादकही होते, असे सांगतात. १९२५ साली जन्मलेले रे काने लहानपणी एका वादकाकडे शिकायला गेले. बाहेरच्या मुलाला शिकवण्याचा रिवाज नव्हता. अखेर या मुलाने समुद्रात बुडी मारून आणलेल्या ताज्या माशांच्या मोबदल्यात त्याला धडे मिळाले. तेच काने पुढे या परंपरेतील ज्येष्ठ वादक म्हणून गौरवले गेले.

व्यापारी कुटुंबांना ही गुप्तता अनोळखी वाटणार नाही. मसाल्याचे प्रमाण, मालाची पारख, उधारीची पत ओळखण्याची नजर, यांतील पुष्कळसे घरातल्या घरातच राहते. त्यात गैर काही नाही. ते कष्टाने मिळवलेले असते. परंतु ज्या घरात पुढची पिढी वाद्य हाती घेत नाही, तेथे वादकासोबत त्याची जुळणीही जाते. विसाव्या शतकात हवाईमध्ये हेच घडू लागले होते. १९७३ साली केओला बीमर यांनी ही रीत शिकवणारे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा घराच्या भिंतीआडचे ज्ञान छापील पानावर आले.

विन्स्टन यांनी हेच काम ध्वनिमुद्रणातून पुढे नेले. त्यांनी १९८३ साली ‘डान्सिंग कॅट’ ही ध्वनिमुद्रण संस्था स्थापन केली आणि १९९४ पासून हवाईच्या वादकांच्या एकल वादनाची मालिका प्रसिद्ध केली. रे काने, सनी चिलिंगवर्थ, लिओनार्ड क्वान अशा ज्येष्ठांचे वादन त्यातून टिकून राहिले. ध्वनिमुद्रिकेसोबतच्या पुस्तिकेत त्या त्या रचनेची जुळणीही छापलेली असे. मालिकेच्या प्रारंभीच्याच वर्षी चिलिंगवर्थ निवर्तले. थोडा उशीर झाला असता, तर त्यांच्या एकल वादनाचा हा ठेवा मिळालाच नसता.

या कार्यामागील पत पियानोच्या यशाने मिळवून दिली होती. त्या यशामागेही एक छोटी उसनवारी आहे. कॅलिफोर्नियात सुतारकाम करणारे गिटारवादक विल्यम अ‍ॅकरमन यांनी १९७६ साली स्नेह्यांकडून प्रत्येकी ५ डॉलर घेऊन सुमारे ३०० डॉलर जमवले आणि आपली पहिली ध्वनिमुद्रिका काढली. त्यातून ‘विंडहॅम हिल’ ही संस्था उभी राहिली. ‘डिसेंबर’ तिनेच प्रसिद्ध केली. दोन्ही हातांनी तारांवर आघात करणारे, गिटारच्या पोटावर ताल धरणारे आणि रचनेगणिक नवी जुळणी योजणारे प्रयोगशील वादक मायकेल हेजेस हेही तिचेच. त्यांचे वादन ऐकून अ‍ॅकरमन यांनी कागदी रुमालावरच करार लिहून दिला होता. स्नेह्यांनी ५ डॉलर देताना तारण मागितले नव्हते.

पुढे विन्स्टन यांना दुर्धर आजाराने गाठले. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर रुग्णालयात असताना तेथील सभागृहातील पियानोवर ते वाजवत. त्या काळात सुचलेल्या रचनांची ध्वनिमुद्रिका २०१७ साली निघाली आणि तिचे उत्पन्न त्याच रुग्णालयाला दिले गेले. जून २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मंचावरची ती गिटार आता मूक झाली आहे. परंतु तिची जुळणी लुप्त झालेली नाही. एके काळी ज्या जुळण्या घराबाहेर जात नसत, त्या आज हवाईपासून हजारो मैल दूर असलेला विद्यार्थीही शिकू शकतो. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांजवळ अशी कोणती जुळणी आहे आणि ती कोणी लिहून घेतली आहे का, हे प्रत्येक कुटुंबाने वेळेवर विचारून पाहण्याजोगे आहे.