जिंकलात? मग इंजिन खोला

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी अमेरिकेत कामगार दिनाची सुट्टी असते. त्या सुट्टीला जोडून इंडियानापोलिसला ‘यू.एस. नॅशनल्स’ भरते. ड्रॅग रेसिंगमधली ही सगळ्यांत मानाची शर्यत 1961पासून तिथेच होते. टीव्हीवर झळकतात त्या नायट्रोमिथेन पिणाऱ्या, कानठळ्या बसवणाऱ्या टॉप फ्युएल गाड्या. पण त्याच आठवड्यात, स्टँड अर्धेमुर्धे भरलेले असताना, ‘स्टॉक’ वर्गातल्या गाड्याही धावून जातात. 1960-70च्या दशकांतल्या कॅमारो, मस्टँग, डॉज डार्ट. आजोबांच्या वयाच्या म्हणाव्या अशा. आपल्या गटात जिंकलेल्या गाडीचा मालक ट्रॉफीसोबत फोटो काढतो न काढतो तोच त्याला तपासणीच्या शेडकडे पाठवलं जातं. तिथे बॉनेट उघडतं, रेडिएटरचं पाणी सोडलं जातं आणि मालक स्वतःच पाना घेऊन नुकतंच जिंकलेलं इंजिन खोलायला लागतो. त्याला तिकडे ‘टीअरडाउन’ म्हणतात.

लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेली ‘व्हॅली रन’ पाहिलेल्यांना पाव मैलाची शर्यत नवी नाही. टीअरडाउनबद्दल मात्र इथल्या शौकिनांमध्ये ऐकीव माहितीच जास्त फिरते. खुद्द अमेरिकेतही परिस्थिती फार वेगळी नाही.

“स्टॉक म्हणजे शोरूममधून बाहेर पडली तशी गाडी”

हा सगळ्यांत जुना गैरसमज, आणि बाकीचे बरेचसे त्याच्यातूनच निघतात. पाव मैल म्हणजे 402 मीटर. ते अंतर स्टॉक वर्गातल्या चांगल्या गाड्या दहा-अकरा सेकंदांत कापतात आणि सुटताना पुढची चाकं हवेत उचलतात. शोरूममधून आलेली कुठलीही 1969ची गाडी हे करू शकत नव्हती.

नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजेच एनएचआरए, ही या खेळाची मोठी नियामक संस्था. वॉली पार्क्स यांनी ती 1951मध्ये स्थापन केली. तिच्या स्टॉक वर्गात एक्झॉस्टचे कारखान्यातले ओतीव मॅनिफोल्ड काढून पाइपचे हेडर बसवता येतात. मागे नऊ इंची रेसिंग स्लिक टायर चालतात. डिफरन्शियलचा रेशो, टॉर्क कन्व्हर्टर, इग्निशन यांत बरीच मोकळीक आहे. कॅमशाफ्टचं तर गणितच गमतीचं आहे. व्हॉल्व्ह किती उंच उघडतो ते, म्हणजे ‘लिफ्ट’, कारखान्याच्या आकड्याबाहेर जाता कामा नये, पण तो किती वेळ उघडा राहतो यावर बंधन नाही. त्यामुळे बाहेरून ‘ओरिजिनल’ दिसणाऱ्या इंजिनात अशी कॅम बसते, की गाडी सिग्नलला उभी केली तर धडधडत बंद पडेल.

मग ‘स्टॉक’ काय राहिलं? पुस्तकातले आकडे. प्रत्येक इंजिनासाठी एनएचआरएकडे मापांचा तक्ता असतो: ज्वलनकक्षाचं किमान आकारमान, पिस्टन वर आल्यावर ब्लॉकच्या कडेपासून किती खाली राहतो ते अंतर, व्हॉल्व्हच्या डोक्यांचा व्यास, लिफ्ट, कार्ब्युरेटरचा प्रकार, हेड आणि मॅनिफोल्डचे ओतकामाचे क्रमांक. कारखान्यातून निघालेली इंजिनं या मापांपेक्षा बहुधा ढिलीच असत. ज्वलनकक्ष ठरल्यापेक्षा थोडा मोठा, पिस्टन थोडा खाली. घाऊक उत्पादनात हे चालायचंच. रेसर काय करतो, तर प्रत्येक माप परवानगीच्या टोकापर्यंत नेऊन ठेवतो, पण ओलांडत नाही. यालाच ‘ब्लूप्रिंटिंग’ म्हणतात. टीअरडाउनमध्ये तपासतात ते एवढंच, की टोक गाठलंय की ओलांडलंय.

“हँडिकॅप असतो ना, मग इंजिन तपासायचं कशाला?”

प्रश्न रास्त आहे. स्टॉकच्या मुख्य फेऱ्यांमध्ये वेगवेगळ्या गटांतल्या गाड्या समोरासमोर येतात, तेव्हा प्रत्येकजण आपली अपेक्षित वेळ आधी जाहीर करतो. 10.50 सेकंदवाला आणि 11.20 सेकंदवाला भिडले, तर संथ गाडीला हिरवा दिवा 0.70 सेकंद आधी मिळतो. जाहीर वेळेपेक्षा लवकर पोचलात तर ‘ब्रेकआउट’ होतो आणि सहसा तुम्ही बाद. म्हणजे जास्त ताकद लपवून फारसा फायदा नाही, असं वाटतं.

पण एकाच गटातल्या दोन गाड्या एकमेकींसमोर आल्या, की हँडिकॅप गळून पडतो. दोघांना हिरवा दिवा एकदमच आणि ब्रेकआउटची भानगडच नाही. आधी पोचेल तो जिंकला. इंडियानापोलिसला गटवार विजेते ठरवणाऱ्या खास फेऱ्या होतात, त्याही अशाच सरळ. तिथे सेकंदाचा शंभरावा भागही लाखमोलाचा. नियमबाह्य इंजिनाला खरी किंमत येते ती इथे, आणि म्हणून टीअरडाउनची कुऱ्हाड मुख्यतः गटविजेत्यांवर येते.

“कंपनीने छापलेली हॉर्सपॉवर म्हणजे खरी हॉर्सपॉवर”

गट ठरतो तो गाडीचं वजन भागिले हॉर्सपॉवर या गुणोत्तरावर. 3,500 पौंड वजन आणि 350 हॉर्सपॉवर असेल तर गुणोत्तर 10. म्हणजे कागदावर हॉर्सपॉवर जितकी कमी, तितका गट सोपा.

कार कंपन्यांना हे पक्कं ठाऊक होतं. 1968मध्ये फोर्डने मस्टँगमध्ये 428 घनइंची ‘कोब्रा जेट’ इंजिन घातलं आणि कागदावर 335 हॉर्सपॉवर लिहिली. खरी ताकद त्याहून कितीतरी जास्त होती. त्याच वर्षी पोमोनाच्या विंटरनॅशनल्समध्ये अल जोनिएक यांनी ही गाडी घेऊन स्टॉकच्या थोरल्या भावंडाचा, सुपर स्टॉकचा किताब मारला. शेवरलेने 427 घनइंची एल-88 इंजिनाला 430 हॉर्सपॉवर लावली होती. प्रत्यक्षात ते पाचशेच्या वर जात असे. कमी आकड्यामागे विम्याचा हप्ता हेही एक कारण सांगितलं जातं, पण रेसिंगचा हिशोब त्यात नव्हता असं म्हणायला मन धजावत नाही.

म्हणून एनएचआरए कंपनीच्या आकड्यावर विसंबत नाही. ती स्वतःचा आकडा लावते. एखादं इंजिन पट्ट्यावर फारच झपाट्याने पळायला लागलं की त्याची हॉर्सपॉवर कागदावर वाढवली जाते. वरच्या उदाहरणात 350ची 365 केली, तर त्याच गुणोत्तरात राहायला गाडीत 150 पौंड, म्हणजे सुमारे 68 किलो वजन टाकावं लागतं. एक मोठा माणूस शेजारी बसवून पळवण्यासारखंच.

“काहीतरी मोठी लबाडी केली तरच सापडते”

इथे जरा थांबून प्रत्यक्ष मोजमाप पाहू, कारण या खेळाची खरी गंमत इथेच आहे.

शेवरलेच्या 350 घनइंची इंजिनात सिलिंडरचा व्यास 4 इंच आणि पिस्टनचा प्रवास 3.48 इंच. एका सिलिंडरमध्ये पिस्टन सुमारे 717 घन सेंटिमीटर जागा झाडून जातो. पिस्टन अगदी वर असताना त्याच्या डोक्यावर 77.5 घन सेंटिमीटर जागा उरली, तर कॉम्प्रेशन रेशो 10.25 येतो. आता हेडचा तळ थोडा जास्त घासला आणि ती जागा 4 घन सेंटिमीटरने घटली, 73.5 झाली. कॉम्प्रेशन थेट 10.75. चहाच्या चमच्यात पाच मिलिलिटर मावतं; म्हणजे चमचाभराहूनही कमी जागेत अर्ध्या अंकाचा फरक पडला. आपल्याकडचा कुठलाही जुना फिटर सांगेल, की हेडचं फेसिंग करून आणलं की गाडी जरा ‘उठते’. ती उठते ती यामुळेच.

ही जागा मोजायची पद्धत शाळेच्या प्रयोगशाळेतली वाटावी इतकी साधी आहे. उतरवलेलं हेड उताणं, पातळीत ठेवतात. व्हॉल्व्ह आणि स्पार्क प्लग जागेवरच असतात. कक्षाच्या कडेला ग्रीसचा पातळ थर देऊन वर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची तबकडी दाबून बसवतात. तिला एक बारीक भोक असतं. त्यातून ब्युरेटने रंगीत द्रव थेंबथेंब सोडतात. तबकडीखालचा शेवटचा बुडबुडा निघून गेला, की ब्युरेटवरचा आकडा वाचायचा. तक्त्यातल्या किमान आकड्यापेक्षा कमी आला, तर विषय संपला. ट्रॉफी परत, गुण परत, आणि प्रकरण गंभीर असेल तर बंदीही.

बाकीची मापं तुलनेने चटकन होतात. बोअर आणि स्ट्रोक मोजून इंजिनाची क्षमता काढतात, व्हॉल्व्हचा व्यास कॅलिपरने, लिफ्ट डायल गेजने. इंजिन गार होऊ देतात, त्यालाही कारण आहे: चार इंची ओतीव लोखंडी सिलिंडर साठ अंश सेल्सिअसने जास्त तापलेला असेल तर त्याचा व्यास सहा-सात शतांश मिलिमीटरने फुगलेला असतो. गरम इंजिन मोजून कुणाला बाद ठरवलं, तर तो अन्यायच.

या मापांत न सापडणारी लबाडी म्हणजे पोर्टिंग. हवेची वाट ग्राइंडरने रुंद करायला स्टॉकमध्ये मनाई आहे. ग्राइंडर फिरला की ओतकामाचा खरबरीत पोत जातो आणि चकाकी येते. टॉर्च लावून बोट फिरवलं तरी कळतं. यावर लोकांनी तोड काढली ती अ‍ॅसिडची. हेड किंवा मॅनिफोल्डच्या वाटांतून अ‍ॅसिड खेळवलं की धातू सगळीकडून सारखा झिजतो आणि पोत बराचसा तसाच राहतो. मग तपासनीस वाटेतही द्रव ओतून तिचं आकारमान काढू शकतो. चोर-शिपायांचा हा खेळ कित्येक दशकं चालू आहे, आणि खरं सांगायचं तर दोन्ही बाजूंच्या कारागिरीचं मला कौतुकच वाटतं.

“नंबर जुळले की गाडी पास”

जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘मॅचिंग नंबर्स’ला सोन्याचा भाव असतो. इंजिन त्याच गाडीचं, ब्लॉक गाडी बनण्याच्या सुमाराला ओतलेला. शेवरलेच्या त्या काळातल्या ब्लॉकवर ‘सी 14 9’ अशी खूण दिसली तर ‘सी’ म्हणजे तिसरा महिना. म्हणजे 14 मार्च 1969. संग्राहकासाठी ही जन्मपत्रिका आहे. स्टॉक रेसिंगमध्ये तिचा उपयोग जवळपास शून्य. तिथे ओतकामाचा क्रमांक त्या मॉडेलला मान्य असलेला हवा, इतकंच. तारीख कुठली आणि ब्लॉक मूळ कुठल्या गाडीतला, याच्याशी देणंघेणं नाही. काही इंजिनांना तर बाहेरच्या कंपनीने नव्याने ओतलेली हेडसुद्धा मान्य आहेत. उलट, सगळे नंबर जुळणारी, शोकेसमध्ये ठेवावी अशी गाडी चार घन सेंटिमीटरने बाद होऊ शकते.

मिशिगनमधल्या स्टँटनला ‘प्युअर स्टॉक’ नावाची शौकिनांची वेगळी शर्यत भरते. तिथे जुन्या धाटणीचे अरुंद टायर आणि कारखान्यातलेच एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लागतात. वेळेत सगळ्यांत जवळ असलेल्या दोघांची जोडी लावतात आणि तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा विजयी. मूळ गाडी कशी होती हे पाहायची हौस असेल, तर तिकडे जावं. एनएचआरएच्या स्टॉक वर्गाशी तिची गल्लत करू नये.

“इंजिन खोलायला लावलं म्हणजे संशय होता”

गटात जिंकलात की तपासणी ओघानेच आली. त्यात बोल लागण्यासारखं काही नाही. उलट, जो पास होतो त्याचा शब्द पुढे वर्षभर चालतो. पाने मालकाचे, मेहनत मालकाची, नव्या गॅस्केटचा खर्चही मालकाचाच. तपासनीस फक्त मोजतो. अनेक शर्यतींत प्रतिस्पर्ध्यालाही पैसे अनामत ठेवून हरकत घेता येते. गाडी निर्दोष निघाली, तर ज्याने इंजिन खोललं त्याला ती रक्कम मिळते. नुसत्या जळफळाटाला त्याने चांगला आळा बसतो.

याच ओघात मेकॅनिक स्मोकी युनिकचा किस्सा हमखास निघतो. तपासणीत पेट्रोलची टाकी काढून घेतली, तरी तो गाडी चालू करून निघून गेला म्हणे. ही दंतकथा नॅस्कारच्या गोल ट्रॅकवरची आहे, ड्रॅग पट्ट्यावरची नव्हे. आणि सांगणाऱ्यागणिक ती थोडी थोडी वाढत गेली आहे.

प्रत्येक वेळी इंजिन पूर्ण खोलावंच लागतं, असंही नाही. क्षमता मोजायला स्पार्क प्लगच्या भोकात बसणारं गेज आहे. व्हॉल्व्ह बंद ठेवून क्रँक फिरवला, की किती हवा ढकलली गेली ते त्यावर दिसतं. कॉम्प्रेशन रेशोसाठी ‘व्हिसलर’ नावाचं यंत्र आहे. सिलिंडरमधल्या हवेच्या कंपनांवरून ते पिस्टनच्या डोक्यावर किती जागा आहे हे सांगतं. पण वाद झालाच, तर शेवटचा शब्द उतरवलेल्या हेडचा.

वजनकाटा मात्र शेडइतका प्रसिद्ध नसूनही जास्त राबतो. धावून आलेली गाडी ड्रायव्हरसकट काट्यावर चढते. इंजिन कितीही कायदेशीर असो, वजन कमी भरलं तर ती फेरी गेली.

आणि एक गोष्ट कुठल्याच गेजमध्ये सापडत नाही. हॉर्सपॉवर वाढवली जाईल या भीतीने चांगल्या गाडीचे ड्रायव्हर आपला खरा वेग दाखवत नाहीत. हँडिकॅपच्या फेरीत तर शेवटची रेघ जवळ आली की ब्रेकवर पाय येतो. दोनशे फूट आधीपर्यंत सुसाट आलेली गाडी शेवटी अचानक मंदावताना दिसली, तर इंजिन दमलं असं समजू नका. पुढच्या मोसमात तिला 68 किलो जास्त ओढायचे नाहीयेत.