खाद्यात तगणारे जंतू आणि आपली मळी



क्षारपड रानात ऊस येईना म्हणून आपल्या एका सभासदाने तिथे दोन तळी काढून रोहू-कटला सोडला. गेल्या पावसाळ्यात मासे मलूल दिसू लागले. दुकानदाराने प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला उपकारक जंतूंची पुडी दिली. खाद्याच्या गिरणीवाल्याने ती वाफाळत्या भुश्यात मिसळून गोळ्या पाडल्या. पैसे गेले, गुण शून्य. "साहेब, जंतू मेलेच असतील का हो?" त्यांनी विचारले. मी पडलो ऊसवाला. अ‍ॅझोटोबॅक्टरचे पाकीट उन्हात ठेवू नका, एवढेच सांगत आलेला.

दिवाळीनंतर नेरूळला अक्कांकडे गेलो. भाचा तिथल्या औद्योगिक पट्ट्यात जंतू वाढवण्याच्या कामावर आहे. सारसोळे जेट्टीवर होड्या बघत उभे असताना त्याला हीच गोष्ट सांगितली. म्हणाला, "मामा, दह्याच्या जातीतले जंतू असतील तर गेलेच. गोळी पाडताना ऐंशी अंशांच्या वर वाफ असते."

तगतो तो बॅसिलस सबटिलिस आणि त्याची भावंडे. उपासमार झाली की हा जंतू जाड कवचाचा बीजाणू करून निजतो, कणगीतल्या ज्वारीसारखा. माशाच्या आतड्यात ओल आणि अन्न मिळाले की जागा होतो. गवताचा काढा उकळूनही त्यात जंतू पुन्हा वाढतात, त्याचे कारण हेच बीजाणू, हे जर्मनीच्या फर्डिनांड कोन यांनी १८७६ साली दाखवले.

हे करतात कसे? टाकीत मळी, सोयापीठ, थोडे क्षार घालून १२१ अंशांवर निर्जंतुक करायचे, थंड झाल्यावर विरजण टाकायचे आणि सदतीस अंशांच्या आसपास ठेवून भरपूर हवा द्यायची. एक-दोन दिवसांत वाढ होते. मेख पुढे आहे. आपल्या मळीत निम्मी साखर. ती जास्त घातली तर जंतू नुसते खात बसतात, बीजाणू धरत नाहीत. अन्न संपले पाहिजे, मँगेनीज मात्र चिमूटभर हवेच. तोडणीआधी आपण पाणी तोडतो तेव्हाच उतारा चढतो ना, तसेच हे. मग गाळ वेगळा काढून गरम हवेच्या फवाऱ्यात वाळवतात. त्यातही बीजाणू बहुतेक तगतात.

कारखान्यानेच हे का काढू नये, असे काही सभासद म्हणतील. मळीची अडचण नाही. अडचण सोवळ्याची आहे. शिळ्या उसात ल्युकोनोस्टॉक शिरला की रस कसा चिकट होतो ते आपण जाणतो; इथे एक परका जंतू शिरला की अख्खी टाकी ओतून द्यावी लागते. तूर्त यात पडू नये, असे माझे मत.

पुडी घेताना जंतूची जात, दर ग्रॅमची संख्या आणि तारीख बघा. ग्रॅमला शंभर कोटी लिहिले असेल तर प्रयोगशाळेत नमुना ऐंशी अंशांवर दहा मिनिटे ठेवून मग मोजणी करून घ्या. उरतील ते खरे बीजाणू. आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर पुडीवर पैसे घालू नका. तो प्राणवायूचा तुटवडा. हवेचा पंप लावा, दाटी कमी करा. आजारी मासळीची तपासणी व सल्ला यांसाठी १९६१ साली स्थापन झालेली वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहेच.

आपल्या त्या सभासदाने आता एका तळ्याला बीजाणूंचे खाद्य, दुसऱ्याला साधे असे ठेवले आहे. दर पंधरवड्याला जाळे टाकून वजने घेतो आहोत. ज्यांना बघायचे असेल त्यांनी गट कार्यालयात चिटबॉयकडे नाव द्यावे.