जेवण उतरतं, गोळा उतरत नाही

घशात काटा अडकल्याची शंका आली की मासे खाणाऱ्या घरांत उपाय ठरलेला असतो: कोरड्या भाताचा घास न चावता गिळ, नाहीतर केळं खा. (काटा खराच असेल तर यानं तो आणखी रुतू शकतो, तेव्हा हा प्रयोग नकोच.) काही जणांचा मात्र भातही सहज उतरतो, केळंही. अख्खं जेवण होतं आणि पानावरून उठल्यावर घशातला गोळा पुन्हा जागेवर!

डॉक्टर याला ‘ग्लोबस’ म्हणतात. मुंबईत घाटकोपरचं राजावाडी रुग्णालय असो की जुहूचं कूपर, कान-नाक-घशाच्या ओपीडीला ही तक्रार नवी नाही. या विभागाकडे येणाऱ्या नव्या रुग्णांत ती सुमारे ४ टक्क्यांची असते, असं परदेशी पाहण्या सांगतात.

पूर्वी सगळं खापर बायकांच्या ‘हिस्टेरिया’वर फुटे. मानेचे स्नायू आवळल्यानं असं होतं, हे जॉन पर्सेल या इंग्रज डॉक्टरनं १७०७ मध्येच लिहिलं होतं. तरी तो शिक्का पुसायला १९६८ उजाडलं. त्या वर्षी माल्कमसन या डॉक्टरांनी आजाराच्या तोवरच्या नावातून हिस्टेरिया काढून टाकला.

अन्ननलिकेच्या तोंडाशी एक स्नायू असतो. एरवी तो मिटलेला असतो, गिळताना उघडतो. ताणतणावात तो जास्त आवळला जातो. पोटातलं आम्ल वर आलं की घसा चुरचुरतो. ऑफिसातून बोरिवली-मुलुंडला पोचून रात्री साडेदहाला जेवायचं आणि लगेच आडवं व्हायचं, या दिनक्रमात आम्लाचं फावतं. मग लक्ष तिथंच जातं. माणूस खाकरतो, उगाच आवंढे गिळत राहतो, आणि कोरडा आवंढा गिळला की गोळा जास्तच जाणवतो. घासाबरोबर तो जाणवत नाही, ही डॉक्टरांना मिळणारी मोठी खूण.

तपासणी सोपी असते. नाकात बधिर करणारा फवारा मारून बारीक कॅमेरा आत सरकवतात. पडद्यावर स्वरयंत्र उघडमीट करताना दिसतं, बाकी वाट मोकळी. ते पाहूनच कित्येकांचा अर्धा त्रास उतरतो. जळजळ असेल तर आम्ल कमी करणारी गोळी, जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर, खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट. काहींना स्पीच थेरपिस्टचे व्यायामही लागू पडतात.

मात्र घास अडकणं, गिळताना किंवा एकाच बाजूला दुखणं, तीन आठवडे बसलेला आवाज, घटतं वजन, मानेत गाठ, थुंकीत रक्त यांतलं काहीही असेल तर हा ग्लोबस समजू नये. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पण तोंडातली तंबाखू सुटलेली नाही, म्हणजे कॅन्सरची भीतीही. अशी लक्षणं असलेल्या, विशेषतः तंबाखू खाणाऱ्या माणसानं ‘टेन्शनचा गोळा’ म्हणून वाट न बघता आधी कॅमेऱ्यानं घसा तपासून घ्यावा.