घरी काडतूस भरायचं प्रेस घेऊ का?

देवळीकडच्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आलीय: "दादा, रानडुकरं शेत नासवतात. बाबांकडे परवान्याची बारा बोर आहे. यूट्यूबवर अमेरिकेतले लोक घरीच काडतुसं भरतात. मी कोणतं प्रेस घेऊ?"

तिकडे दोन प्रकार चालतात. सिंगल-स्टेजवर एका वेळी एकच पुंगळी भरतात. प्रोग्रेसिव्हवर हँडल ओढलं की सगळ्या पुंगळ्या एकेक पायरी पुढे सरकतात. काम झपाट्याने होतं, पण एखादीत दारू दुप्पट पडली तर कळणं कठीण. म्हणून नवशिक्याला सिंगल-स्टेजच सुचवतात.

पण भावा, आपल्याकडे गोष्ट तिथवर जातच नाही. शस्त्र कायदा, १९५९ उघड. कलम २ मधल्या 'दारूगोळा' या व्याख्येत तो बनवायची यंत्रंही येतात. म्हणजे रिकामं प्रेससुद्धा कायद्याच्या नजरेत दारूगोळाच! बाबांचा परवाना बंदूक बाळगायचा. काडतूस बनवायला कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. तो नसताना बनवलं, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं कैद, जास्तीत जास्त जन्मठेप.

आणि धोका? ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर पुलगावच्या दारूगोळा भांडारात काय झालं, ते आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. तिथे तर शिकलेली माणसं होती.

तेव्हा काडतुसं परवानाधारक दुकानातूनच घे. डुकराला मारायलाही वनखात्याची परवानगी लागते, हे विसरू नको. पीक गेलं असेल तर लगेच वनखात्याकडे अर्ज दे, पंचनामा करून घे. प्रेसचे पैसे कुंपणाला लाव.