भाकिताची हुंडी

गेवराई तालुक्यात गोदावरीकाठी राक्षसभुवन आहे. तेथील शनिमंदिरात साडेसातीच्या धास्तीने कितीतरी कुटुंबे जातात. नदीच्या वरच्या अंगाला पैठण, संत एकनाथांचे (१५३३–१५९९) गाव. नाथांच्या भारुडांतील एक सोंग जोशाचे. तो होरा सांगू लागतो, पण बोट ठेवतो ते ग्रहांवर नव्हे, ऐकणाऱ्याच्या वर्तनावर. भारूडकार चरणांच्या मधे स्वतःच्या पदरची वाक्ये घालतो; समोर कोण बसले आहे हे पाहून शब्द फिरवतो.

शहरात शिकणारी काही मुले सुटीत घरी येऊन जो खेळ मांडतात, त्यातही असा जोशी लागतो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. एक सूत्रधार प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र होऊन आपण काय करणार ते बोलतात. अवघड कृतीचा निकाल फाशांवर. कथेत एखादी जोशीण भेटते आणि खेळाडू विचारतो, “माझे पुढे काय?” येथे सूत्रधाराची पंचाईत होते. पुढचे त्यालाही ठाऊक नसते. फासे अजून पडायचे असतात.

भाकीत ही हुंडीच. एकदा लिहिली की मुदतीला सकारावी लागते. “तू राजा होशील” असे जोशीण बोलून गेली आणि पुढच्याच लढाईत ते पात्र मेले, तर खेळाची पत गेली. पत राखण्यासाठी सूत्रधार फाशांकडे डोळेझाक करू लागला, तर खेळाडूंनी बसायचे कशाला?

‘उपासकदशांग’ सूत्रातील सद्दालपुत्र कुंभार येथे आठवतो. गोशालकाचा हा अनुयायी सारे नियतीनेच घडते असे मानी, आपली मडकीसुद्धा. ती कोणी फोडली तर काय करशील, असे भगवान महावीरांनी विचारताच तो म्हणाला, त्याला शिक्षा करीन. नियतीनेच फुटली असतील तर शिक्षा कशाची, हे मग त्याला उमगले. टेबलाभोवती बसलेल्या मुलांची तक्रारही नेमकी हीच असते.

म्हणून जाणता सूत्रधार निकाल सांगत नाही, चित्र दाखवतो. एखाद्या पात्राने पूर्वी बापाच्या कर्जाचा उल्लेख केला असेल, तर जोशिणीला कुलूप लागलेली पेढी दिसते आणि उंबऱ्यावर ओले पाऊल. मग ती गप्प बसते. खेळाडू आपसांत अर्थ लावू लागतात. त्यांतला सर्वांत रंगतदार अर्थ सूत्रधार वहीत टिपतो आणि पुढे त्याचाच प्रसंग उभा करतो. वही मात्र हवीच. तोंडी उधारी येथेही बुडते.

ट्रेसी व लॉरा हिकमन या दांपत्याने १९८३ च्या ‘रेव्हनलॉफ्ट’ या साहसकथेत निराळी युक्ती योजली. भटक्या टोळीतील एक वृद्धा खेळाडूंसमोर पत्ते काढते. कोणते पान निघाले, त्यावरून मोलाच्या वस्तू कोठे दडल्या आहेत आणि खलनायकाचा हेतू काय, हे त्याच क्षणी ठरते. हुंडी लिहितानाच रक्कम बाजूला काढून ठेवावी, तसे. हे भाकीत खोटे पडत नाही. किल्ल्यात शिरून त्या वस्तू आणण्याचे कष्ट मात्र खेळाडूंचेच, आणि तेथे पुन्हा फासे आहेतच.