पाच टूर जिंकणारा मुलगा

२६ जुलै २०१९. आल्प्समधला इझराँचा घाट, माथा २,७७० मीटरवर. एगान बर्नाल माथा ओलांडून एकटाच पलीकडे उतरू लागला, तेव्हा खाली रस्त्यावर गारांचा खच पडला होता, दरडही कोसळली होती. शर्यत तिथेच थांबवून माथ्यावरच्या वेळा धरल्या गेल्या. चौदा दिवस ज्युलियाँ अलाफिलिपच्या अंगावर असलेली पिवळी जर्सी बर्नालकडे आली, तीही त्या दिवसाची अंतिम रेषा न गाठता. दोन दिवसांनी पॅरिसमध्ये त्याने टूर द फ्रान्स जिंकली. दुसरा आलेला गेरेंट थॉमस त्याच्याच संघातला, १ मिनिट ११ सेकंद मागे. बर्नालचं वय २२. १९०९ नंतर एवढा तरुण विजेता झाला नव्हता, आणि कोलंबियाचा तर हा पहिलाच.

मग वाद उरला तो एवढाच, की हा पाच टूर जिंकणार की सहा. मीही पाचवाल्यांतला. सिपाकिराच्या विरळ हवेत वाढलेला पोरगा, पाठीशी पैसेवाला संघ; आणखी काय हवं?

एक गोष्ट मात्र आमच्या डोळ्यांसमोर असून दिसली नाही. होतकरूंची टूर द लाव्हनीर बर्नालने २०१७ मध्ये जिंकली, तादेय पोगाचारने २०१८ मध्ये. कॅलिफोर्नियाची शर्यत बर्नालने २०१८ मध्ये, पोगाचारने २०१९ मध्ये. त्याच पायऱ्या, बरोबर एक वर्ष मागून. २०२० ची टूर पोगाचारने जिंकली तेव्हा त्याला २२ वं पूर्ण व्हायला एक दिवस बाकी होता. त्याच टूरमध्ये बर्नाल एका चढणीवर सात मिनिटांहून जास्त मागे पडला आणि दुखऱ्या पाठीने शर्यत सोडून गेला.

तरी २०२१ चा जिरो, म्हणजे इटलीची ग्रँड टूर, त्याचाच. कोर्तिनात थंडी-पावसात एकटा पुढे आलेल्या बर्नालने शेवटच्या काही मीटरांत, सायकल चालवता चालवता, अंगावरचं जॅकेट काढलं. आघाडीवरच्याची गुलाबी जर्सी दिसली पाहिजे ना! पुढच्याच टप्प्यावर तो ढेपाळला, तेव्हा सहकारी दानी मार्तीनेस मागे वळून, मूठ हलवत त्याच्यावर ओरडत होता. तो जिरो मला टूरपेक्षा मोठा वाटतो. पण पोगाचार तिथे नव्हता, हे विसरून चालणार नाही.

जानेवारी २०२२ मध्ये संघाने त्याच्याशी पाच वर्षांचा नवा करार केला. त्याच महिन्याच्या २४ तारखेला, बोगोटाजवळ सराव करताना, तो थांबलेल्या बसवर मागून आदळला. मांडी, गुडघ्याची वाटी, मणके, बरगड्या मोडल्या, फुप्फुसांना इजा झाली. कमरेखाली लुळं पडण्याची शक्यता ९५ टक्के होती, असं त्याने स्वतःच नंतर सांगितलं. सात महिन्यांत तो पुन्हा शर्यतीत उतरला.

आमचं भाकीत बसने मोडलं, असं म्हणणं सोयीचं आहे. मला ते पटत नाही. अपघाताने त्याचे पुढचे जिरो आणि स्पेनची व्हुएल्टा हिरावले असतील. टूर २०२० मध्येच हातची गेली होती. आणखी एक टूर? माझं उत्तर आता नाही असंच आहे.

२०२५ च्या जिरोत तो सातवा आला. त्याच वर्षी व्हुएल्टात आंदोलनामुळे मोसचा टप्पा आठ किलोमीटर आधीच संपवावा लागला, आणि त्या हलवलेल्या रेषेवर बर्नालने मिकेल लांदाला हरवलं. ग्रँड टूरमधला टप्पा त्याने याआधी जिंकला होता तो कोर्तिनात, चार वर्षांपूर्वी.